ताईच्या नकाशातला पूल

कडा जाळून मुद्दाम जुना केलेला कागद पाहिला की मला अजूनही मळमळतं. वर कोपऱ्यात सोनेरी होकायंत्र, मधोमध फणा काढलेला साप, जिथे पाण्याचा थेंब नाही तिथे शिडाचं जहाज आणि खाली वळणदार अक्षरांत काढणाऱ्याचं नाव. याला लोक नकाशा म्हणतात. असल्या नकाशावरून माणूस स्वतःच्या घरातल्या मोरीपर्यंत पोचायचा नाही. मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतो, मला देखणेपणाचं वावडं नाही. पण पाटीवर 'चपला' असं लिहिलं असेल तर आत चपला असाव्यात, एवढीच माझी अपेक्षा असते.

ही शिसारी मला लावली ती ताईने. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कटिंग मास्टर आहे. तिथल्या लांबच्या लांब टेबलावर कापडाचे चाळीस चाळीस थर एकावर एक पसरतात, त्यावर ती खाकी कागदाचा साचा ठेवून खडूने रेघ मारते आणि मग विजेची सुरी फिरते. रेघ बोटभर चुकली तर एक शर्ट नाही, चाळीस शर्ट वाया. अशी एकतीस वर्षं काढल्यावर माणसाचं जे होतं ते ताईचं झालंय. 'साधारण', 'अंदाजे', 'एवढं चालतं' हे शब्द तिच्यासमोर काढले की ती असं तोंड करते जणू भाजीत केस निघाला.

तर अशी ही बाई खेळाच्या नादी कशी लागली? त्याला कारण माझी भाची. ती शिकायला दूर गेली तेव्हा जाताना तिने घरच्या संगणकात एक खेळ घालून दिला. म्हणाली, "आई, फोनवर तू फक्त जेवलीस का एवढंच विचारतेस. त्यापेक्षा आत ये, आपण दोघी तिथे फिरू." आत म्हणजे एका अख्ख्या जगात. ठोकळ्यांचं जग. डोंगर ठोकळ्यांचे, झाडं ठोकळ्यांची, गाईसुद्धा चार पायांच्या खोक्यासारख्या. चाळीसेक माणसं आपापल्या घरून त्यात शिरायची, घरं बांधायची, शेती करायची आणि कानाला यंत्र लावून एकमेकांशी बोलायची. खरी नावं कुणाचीच कुणाला ठाऊक नव्हती. ज्याच्या यंत्रावर हे जग चालायचं त्याला सगळे मालक म्हणायचे. हा मालक कधीही बोलला तरी तोंडात काहीतरी असायचंच. नवा माणूस आधी एका दगडी दालनात उतरायचा, तिथून पुढे ज्याचं त्याने बघायचं. मेलं तर माणूस पुन्हा त्याच दालनात उभा राही, पण जवळचं सामान जिथे मेला तिथे पडायचं आणि पाच मिनिटांत नाहीसं व्हायचं. जनावर मात्र मेलं की मेलंच.

ताई पहिल्याच संध्याकाळी हरवली. भाचीचं घर होतं नदीपलीकडे, पण नदी कुठे आहे ते कळेना. तेव्हा एका भल्या गृहस्थाने तिला आपण काढलेला नकाशा पाठवला. या गृहस्थाने स्वतःच स्वतःला सम्राट असं नाव दिलं होतं. त्याच्या नकाशावर त्याचा वाडा सगळ्यात वर, मुकुट घातलेला. ताई तीन संध्याकाळी त्या कागदाच्या भरवशावर चालली आणि तिसऱ्या दिवशी एका उघड्या खाणीत पडून मेली. तिचा मला फोन आला. मला वाटलं खरंच काहीतरी झालंय.

"अरे, या माणसाने उत्तर दिशा डावीकडे ठेवलीय," ती म्हणाली. "का, तर स्वतःचं घर वर यावं म्हणून. आणि खाण दाखवलीच नाही. साप दाखवलाय! तीन दिवस मी घाबरून हिंडतेय आणि हा साप रंगवत बसलाय."

तिच्या आवाजात राग नव्हता, किळस होती. ती मला अजून आठवते. त्या दिवशी तिने ठरवलं की या जगात नवीन येणारं माणूस पुन्हा असं हरवता कामा नये. ज्यावर डोळे मिटून पाय टाकावा असा एक तरी नकाशा तिथे असला पाहिजे.

भाचीचा उत्साह दोन महिन्यांत संपला. परीक्षा आली, मग मैत्रिणी आल्या, मग ती खेळाचं नावही काढीना. ताई मात्र राहिली. रोज कामावरून आली की सहा ते आठ संगणकासमोर. भावोजी एकदा म्हणाले, "लोकांच्या बायका माहेरी जातात, माझी कुठे जाते ते मलाही सांगता येत नाही." ताईने मान वर न करता उत्तर दिलं, "नकाशा पूर्ण झाला की दाखवीन."

मला तिने घेतलं ते अक्षरासाठी. तिच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला चिकटवून एक जुनं कटिंगचं टेबल होतं, त्यावर ती कारखान्यातला उरलेला साच्यांचा कागद अंथरायची. दोन संगणक, एक तिचा आणि एक भाचीचा जुना. मीही आत जायला लागलो. पाट्यांची कामं तशीही आटली होती. हल्ली लोक दुकानावर प्लास्टिक ताणतात, त्यावर दुकानदाराच्या नातवाचा फोटो छापतात आणि त्याला पाटी म्हणतात. तो एक वेगळाच तिटकारा, त्यावर मी पुन्हा कधीतरी बोलेन.

पहिल्याच दिवशी मी शिव्या खाल्ल्या. ओढ्यापासून टेकडीपर्यंत चालून आलो आणि म्हणालो, "साधारण शंभर पावलं असतील."

"साधारण हा आकडा पट्टीवर कुठे असतो?" ताईने विचारलं. "परत जा, मोज."

त्या जगात एक ठोकळा म्हणजे एक पाऊल. दहा पावलं म्हणजे कागदावर एक चौकट. सगळी मापं दालनाच्या पहिल्या पायरीपासून, दुसऱ्या कुठूनही नाही. सूर्य उगवतो ती पूर्व उजवीकडे, म्हणून उत्तर कायम वर, मग कुणाचा वाडा कुठेही पडो. मी परत गेलो. एकशे सदतीस पावलं निघाली. मला माझीच लाज वाटली.

मग कोऱ्या जागेवरून वाजलं. कागदावर एका बाजूला हातभर पांढरी जागा दिसत होती, मी तिथे चार झाडं काढायला घेतली.

"तिथे गेला होतास?"

"नाही, पण आजूबाजूला जंगलच आहे, तिथेही जंगलच असणार."

"मग कोरं ठेव. कोरी जागा खोटं बोलत नाही."

एखादी वाट कुणाकडून नुसती ऐकली असेल तर तिच्यासाठी ताईकडे शिवणकामातलं दातेरी चाक होतं, कापडावर टिंबांची ओळ उठवायचं. ते चाक ती शाईच्या गादीवर फिरवून कागदावर ओढायची. टिंबांची रेघ म्हणजे ऐकीव, भरवसा धरू नका. सलग रेघ म्हणजे चाललेली वाट. कागदाच्या कोपऱ्यात खुणांचा तक्ता, आणि प्रत्येक कागदावर तारीख, कारण लोक आज घर बांधतात आणि उद्या पाडतात. जागेला नाव द्यायचं ते तिथले लोक म्हणतात तेच. लोक ज्याला चिखल्या ओढा म्हणायचे त्याला सम्राटाने 'राजसरिता' करून टाकलं होतं. गुडघाभर गाळ, त्यात दोन डुकरं, आणि राजसरिता! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

कुणाचं घर दाखवायचं तर आधी त्याला विचारायचं, हाही ताईचाच नियम. बेकरीवाला म्हणून एकजण गुहेत राहायचा. त्याने नको म्हटलं, ताईने तिथे साधा डोंगर काढला आणि विषय संपला. सम्राटाने मात्र आपल्या नकाशावर लोकांची कोठारं सोनेरी पेट्या काढून दाखवली होती, दिसायला छान दिसतं म्हणून. आठवड्याभरात तीन कोठारं फुटली. बेकरीवाल्याचं दोन महिन्यांचं धान्य गेलं. त्यावर सम्राट म्हणाला, "नकाशा म्हटला की थोडी रंगत हवीच की!" या वाक्याने माझ्या तोंडाला जी कडू चव आली ती गेली नाही.

पण ताईचा खरा नियम वेगळाच होता, आणि पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. सलग रेघेवर दोन रंगीत टिंबं हवीत. एक चालणाऱ्याचं, दुसरं तीच वाट पुन्हा चालून तपासणाऱ्याचं. कारखान्यात कापायच्या आधी साच्यावर दोघांच्या सह्या होतात, तसं. ताईचं टिंब निळं, माझं लाल आणि नर्सबाईंचं हिरवं.

नर्सबाई कुठल्या गावच्या होत्या, दिसायला कशा होत्या, काही माहीत नाही. दवाखान्यातली पाळी संपवून त्या आत यायच्या, आवाज दमलेला पण मोजणी चोख. त्यांच्याकडे एक करडं खेचर होतं, त्याचं नाव करडीच. त्यावर बसून त्या लांबच्या लांब वाटा तपासायच्या आणि ताईला लिहून पाठवायच्या: अमुक वाट, इतकी पावलं, बरोबर. मग त्यांच्या वतीने मी हिरवं टिंब द्यायचो. पक्का नकाशा माझ्या हातचा, दर रविवारी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा तोही मीच. नर्सबाईंची खूण माझ्या ब्रशात होती. यात काही वावगं आहे असं तीन वर्षं आम्हा कुणालाच वाटलं नाही.

तीन वर्षांत निम्म्याहून जास्त जग कागदावर आलं. नवीन माणूस आला की कुणीतरी म्हणायचं, "मास्टरबाईंचा नकाशा घे आणि निर्धास्त जा." ताई हे ऐकून फक्त चष्मा काढून पुसायची. तिला आनंद झाला की ती एवढंच करते.

एके दिवशी मालकाने घास चघळत जाहीर केलं की दालनाच्या भिंतीवर आता एक कायमचा नकाशा लावायचा. नव्या माणसाला उतरल्या उतरल्या समोर दिसेल असा. ज्यांना द्यायचाय त्यांनी द्या, तीन आठवड्यांनी रविवारी सगळे मिळून ठरवू.

त्या आठवड्यात ताई रोज अर्धा तास जास्त बसली.

आणि मग सम्राटाचा नवा नकाशा आला. कडा जाळलेल्या, होकायंत्र सोन्याचं, पण आतल्या वाटा? आतल्या वाटा आमच्या! पावला-पावलाने आमच्या. तारखा पुसलेल्या, टिंबं पुसलेली, आणि जिथे जिथे आमची कोरी जागा तिथे तिथे नेमका त्याचा साप. मी भर सभेत विचारलं तर म्हणतो, "जग एकच आहे, दोघांनाही तसंच दिसणार. आणि साप जिथे असतात तिथेच काढणार ना!" चोराच्या उलट्या बोंबा. चारजण हसले. मालक म्हणाला, "पण दिसतो छान, हं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र शांत.

"वाट बरोबर दाखवली असेल तर माणूस पोचेल," ती म्हणाली. "कागद कुणाचा होता याने पोचणाऱ्याला काय फरक पडतो?"

"तुझी तीन वर्षं गेली त्यात!"

"त्याने तारखा पुसल्यात त्याचा मला राग आहे. उद्या एखादी वाट मोडली तर लोकांना कळायचं कसं? बाकी जाऊ दे."

मला जाऊ देता येईना. मी माझ्या खोलीत टर्पेंटाइनच्या वासात बसून दोन दिवस कुढलो. मला त्या माणसाची किळस येत होती. त्याच्या मुकुटाची, त्याच्या सापांची, 'रंगत' या शब्दाची. आणि किळस आली की माणसाला वाटतं आपण स्वच्छ आहोत. हे मला तेव्हा कळलं नाही, आता लिहिताना कळतंय.

सोमवारी ताई कामावर असताना मी तिच्या घरी गेलो. भावोजींनी दार उघडलं आणि ते पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसले. मी भिंतीवरच्या पक्क्या नकाशासमोर उभा राहिलो. वर उत्तरेला एक खोल दरी आहे, तिच्या अलीकडे एकच वाळकं झाड. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, पलीकडे जायला लांबचा वळसा घ्यावा लागतो. त्या झाडापासून उत्तरेला दहा पावलांवर मी एक पूल काढला. लाकडी, बत्तीस पावलं लांब. सम्राट तो उचलणार, मी त्याला दरीच्या काठावर उभं करणार आणि म्हणणार, दाखव तुझा पूल! पण नुसत्या पुलाने भागणार नव्हतं. टिंबं नसलेली सलग रेघ आमच्या नकाशात कधीच नसते, चोराला संशय आला असता. म्हणून मी एक लाल टिंब दिलं. मग हिरव्या रंगात ब्रश बुडवला आणि दुसरं दिलं. चांगलं गोल टिंब आलं.

ताईने उत्तरेच्या त्या बाजूकडे पुढे पाहिलंच नाही, ती दक्षिणेकडच्या भागात गुंतली होती. रविवारी मी फोटो पाठवला. बुधवारी सम्राटाच्या नकाशात पूल उगवला, नाव 'सम्राट सेतू'. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो.

ठरल्या रविवारी दुपारी सगळे दालनात जमले. ताई आणि मी कटिंगच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसलो होतो, दोघांच्या कानाला यंत्रं. मालकाने विचारायच्या आतच मी बोललो.

"सम्राटांनी सगळं जग स्वतः चालून पाहिलंय म्हणतात. मग त्यांनी आपल्याला सम्राट सेतू दाखवावा. आत्ता. सगळे चला."

"अवश्य," सम्राट म्हणाला. त्याचा आवाज जरासा पातळ झाला होता, ते ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगत नाही.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "कुठला सेतू?"

"बघशील गं," मी म्हणालो.

तीसेक माणसं ठोकळ्यांच्या माळावरून निघाली. वाळक्या झाडापाशी पोचलो. स्वच्छ ऊन होतं. समोर दरी, पलीकडे कडा, मध्ये हवा. पूल नव्हता.

"चुकून डावीकडे... नाही, थोडा पुढे असेल," सम्राट म्हणाला. लोक हसायला लागले. बेकरीवाला म्हणाला, "महाराज, तुमच्या सेतूवरून तुम्हीच आधी चाला!" त्यावर सगळेच फुटले. मग मी सांगितलं. हा पूल कुठेच नाही, मी तो चोरासाठी मुद्दाम काढला होता, आणि चोराने तो गिळला. मी हे एखाद्या वकिलाच्या थाटात सांगितलं. एकदोघांनी वाहवाही केली.

तेवढ्यात नर्सबाईंचा आवाज आला. त्या मागे उभ्या होत्या, पायी.

"मुद्दाम काढला होता?"

"हो, नर्सबाई. त्याला पकडायला."

"मी शुक्रवारी इथेच पडले," त्या म्हणाल्या.

हसणं एकदम थांबलं नाही, मागच्या दोघांना ऐकू आलं नव्हतं. मग तेही थांबले.

"धुकं होतं," त्या म्हणाल्या. "समोरचं काही दिसत नव्हतं. पण नकाशात झाडापासून दहा पावलं लिहिली होती, म्हणून मोजत गेले. मला आठवेना की हा पूल मी कधी तपासला. पण माझं हिरवं टिंब होतं ना. म्हटलं, गेले असेन कधीतरी. दवाखान्यात इतकी पळापळ असते, विसरले असेन. मला वाटलं चूक माझीच मोजण्यात झाली, म्हणून कुणाला बोलले नाही."

"आणि करडी?" ताईने विचारलं.

"मी तिच्यावरच बसले होते."

मालकाचं चघळणंसुद्धा थांबलं. नर्सबाई मग हळू आवाजात, जणू ताईशी एकटीशीच बोलतायत अशा म्हणाल्या, "करडी बाबांनी रानातून धरून आणली होती. आम्ही दोघं मिळून खेळायचो आधी. आता त्यांना दिसत नाही. दर रविवारी फोनवर पहिलं करडीचंच विचारतात. आज संध्याकाळी विचारतील."

मी म्हणालो, "मी दुसरं खेचर आणून देतो. आजच देतो."

"खेचरं खूप आहेत हो इथे," त्या म्हणाल्या.

ताईने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. उठली, भिंतीवर लावलेल्या पक्क्या नकाशाजवळ गेली, चष्मा सारखा केला आणि वर उत्तरेला बघत राहिली. मग तिने त्या हिरव्या टिंबावर नख टेकवलं.

"हे तू केलंस?"

"ताई, त्या चोराला..."

"मी चोराचं विचारत नाही. त्यांच्या हाताचं टिंब तू दिलंस? त्या गेल्या नसताना?"

मी हो म्हणालो. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता मला बरं वाटलं असतं. पण तिने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं ती तीन वर्षांपूर्वी सम्राटाच्या सापाबद्दल बोलली होती. राग नाही. भाजीत केस.

ती परत बसली, यंत्र कानाला लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "पूल आमच्या नकाशात होता. तो खोटा आहे. त्यात आणखी काय खोटं असेल ते मला आज सांगता येत नाही. आमचा नकाशा भिंतीवर लावू नका."

"ताई, एकच खूण आहे!" मी हळूच म्हणालो. "बाकी सगळं खरं आहे, तुला माहितीये."

"मला माहितीये. तो वाचणाऱ्याला कसं कळणार?"



दालनाच्या भिंतीवर सम्राटाचा नकाशा लागला. दुसरा नव्हताच. सेतूच्या जागी त्याने एक साप काढला. नवीन माणसं आता त्याच्यासमोर उभी राहून 'वा' म्हणतात, आणि मग कुठेतरी जाऊन खड्ड्यात पडतात. मी केलं ते हात दाखवून अवलक्षण. पूर्वी मला तो नकाशा पाहून शिसारी यायची. आता येते तेव्हा ती नक्की कुणाची ते मला ठरवता येत नाही.

नर्सबाईंनी वडिलांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तेवढा निर्लज्ज मी झालो नाही. त्यांनी ताईला मात्र दोन ओळी पाठवल्या: माझी सगळी हिरवी टिंबं पुसून टाका. माझीच खूण बघून आता मला कळत नाही की मी तिथे गेले होते का नाही. ताईने पडद्यावरच्या त्या ओळी मला वाचायला लावल्या.

भिंतीवरचा पक्का नकाशा तिने उतरवला आणि नवीन कागद अंथरला. हिरवी टिंबं गेली, तेव्हा तेवढ्या वाटा पुन्हा तपासणं आलं. माझ्या लाल टिंबाच्या दोनशे सव्वीस वाटा होत्या. त्या तिने टाकून दिल्या नाहीत. तिने शाईची गादी घेतली, दातेरी चाक घेतलं आणि नव्या कागदावर माझी एकेक सलग रेघ टिंबांची करत बसली. तो खर्र खर्र आवाज तीन आठवडे चालला. मी रोज जायचो, ती रोज मला चहा द्यायची, तब्येत विचारायची, आणि चाक फिरवायची. एकशे सदतीस पावलांची ती वाटही गेली, जी मी परत जाऊन मोजली होती.

"ही तरी खरी आहे गं," मी म्हणालो. "तूच परत पाठवलं होतंस."

"असेल," ती म्हणाली. माझ्या बहिणीच्या तोंडून 'असेल' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

शेवटच्या दिवशी खुणांचा तक्ता राहिला होता. उत्तर, माप, तारीख, निळं टिंब. त्याच्याखाली एक ओळ रिकामी होती. ताईने खडूने हलकं लिहून दाखवलं आणि ब्रश माझ्यासमोर ठेवला.

"हे मी लिहू?" मी विचारलं.

"अक्षर तुझंच चांगलं आहे. नव्या माणसाला लांबून वाचता आलं पाहिजे."

मी आधी एक लाल टिंब दिलं. मग तिच्या खडूवरून ब्रश फिरवला: लाल खुणेच्या वाटेवर स्वतः मोजल्याशिवाय पाय टाकू नये. आयुष्यभर मी लोकांच्या दुकानांवर ते आत काय ठेवतात ते लिहीत आलो, तशीच सावकाश ही ओळ लिहिली. ओळ सरळ आली, अंतरं सारखी पडली. ताईने चष्मा लावून अगदी जवळून पाहिलं.

"'नये' जरा ठळक कर," ती म्हणाली.